सभा, ठराव आणि मधली चार वर्षे

नगरपरिषदेच्या इतिवृत्तात कोणी ओरडत नाही. तासभर चाललेला वाद, टेबलावर आपटलेला हात, सभात्याग जाहीर करून दारापर्यंत गेलेले आणि चहा येताना पाहून पुन्हा खुर्चीवर बसलेले सन्माननीय सदस्य, यांतले काहीच त्या जाड वहीत उतरत नाही. उतरते ते एवढेच : विषयाचा क्रमांक, विषय, सविस्तर चर्चा झाल्याचे एक वाक्य, सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव आणि ठराव मंजूर झाल्याचा शेरा. आमच्या गावच्या नगरपरिषदेत सभा लिपिक म्हणून मी नोकरीतली बरीच वर्षे ही वही लिहिली. वडील सेवेत असतानाच वारले, म्हणून अनुकंपा तत्त्वावर मला घेतले; त्यामुळे हे काम मी हौसेने निवडले असे म्हणता येणार नाही. पण जन्म-मृत्यू नोंदणी आणि घरपट्टी या दोन टेबलांवरून फिरून सभा विभागात आले, तेव्हा आपण गावाच्या अगदी मध्यावर येऊन बसलो आहोत असे वाटले, आणि ते वाटणे निवृत्तीपर्यंत टिकले.

आमचे गाव लहान आहे. सरकारी वर्गवारीत लोकसंख्या 1 लाखाच्या वर गेली तर अ वर्ग, 40 हजारांच्या वर ब आणि त्याखाली क, आम्ही क. एक एसटी स्थानक, एक आठवडी बाजार, ओढ्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेली जुनी पेठ आणि डोंगराकडे सरकत गेलेल्या नव्या वसाहती, एवढाच पसारा. अशा गावात नगरसेवक हा फलकावर हात जोडून उभा असलेला कोणी दूरचा पुढारी नसतो. तो कोणाचा चुलतदीर असतो, कोणाचा किराणा दुकानदार, कोणाचा शाळेतला सोबती. ज्याने त्याला मत दिले नाही त्यालाही तो रोज सकाळी दूध आणताना भेटतो, आणि मत कोणी दिले नाही हे त्याला बहुधा ठाऊक असते. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघे. शिपाई पोचवहीवर सह्या घेत गावभर फिरे, आणि संध्याकाळपर्यंत संपूर्ण विषयपत्रिका चौकातल्या टपरीवर तोंडपाठ झालेली असे. कार्यालयातून कागद बाहेर कसा जातो याची चौकशी करण्याचे आदेश अधूनमधून निघत, पण मला त्या गळतीचे कधी वाईट वाटले नाही. सभेला येण्यापूर्वी सदस्याला गल्लीतल्या चार माणसांनी अडवलेले असे, आणि तेच खरे त्याचे गृहपाठ करणे होते.

बाहेरून सभा पाहणारे एका गोष्टीची नेहमी थट्टा करतात. कित्येक कोटींची पाणीपुरवठा योजना पाच मिनिटांत मंजूर होते आणि चौकाला कोणाचे नाव द्यायचे यावर दुपार जाते. हे मी असंख्य वेळा पाहिले आहे आणि सुरुवातीला मलाही ते हास्यास्पद वाटे. पुढे घरपट्टी आणि लेखा विभागाचे आकडे समजू लागले तसे माझे मत बदलले. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी 18 विषयांची यादी दिली. नगररचना, रस्ते, पाणी, आरोग्य, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, कत्तलखान्यांचे नियमन, असे सगळे तिच्यात आहे. त्यानंतर काही वर्षांतच, 1999 मध्ये, राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. जकातनाक्यावर रात्रभर कंदील लावून ट्रक अडवणारी आमची माणसे कार्यालयात येऊन बसली आणि त्यांना द्यायला काम नव्हते. व्यापाऱ्यांचा जाच संपला हे खरे, नाक्यावरच्या चिरीमिरीचे कोणी समर्थन करणार नाही. पण गावाच्या हाताला रोज लागणारा पैसाही त्याच दिवशी संपला. त्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले, ते आले की पगारात गेले, आणि उरलेला सगळा विकास योजनांवर आला. नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण कामांचे अनुदान, वित्त आयोगाचा बंधित निधी : बहुतेक पैसा आपले काम ठरवूनच गावात येतो. जुन्या वह्या चाळल्या तर 'यंदा शिलकीतून काय करावे' यावरची चर्चा सापडते. नंतरच्या वह्यांत विषयाची सुरुवातच अमुक योजनेखाली प्राप्त झालेल्या मंजुरीने होते. जे आधीच मुंबईत ठरून आले आहे त्यावर सदस्यांनी पाच मिनिटांहून अधिक वेळ का घालवावा? चौकाचे नाव मात्र अजून त्यांचे होते.

नावांचे विषय वरवर दिसतात तितके उथळ नसतात. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि तो विषय आमच्याही सभेपुढे आला. सभागृहातल्या सगळ्यांनी थोर पुरुषांची नावे सुचवायला सुरुवात केली. त्या वस्तीतून निवडून आलेले सदस्य बराच वेळ ऐकून घेत होते. शेवटी ते म्हणाले की नावे आम्ही वस्तीत बसून ठरवली आहेत, कागद आणला आहे, तेवढा वाचा. कागद वाचला गेला आणि ठराव एकमताने झाला. पण कर विभागाच्या संगणकात वस्तीचे जुने नाव तसेच राहिले, आणि पुढच्या घरपट्टीच्या मागणी बिलांवर तेच छापून घरोघर गेले. ते सदस्य बिलांचा गठ्ठा घेऊन कार्यालयात आले. आवाज न चढवता त्यांनी एवढेच विचारले की ठराव कुठल्या गावासाठी केला होता. संगणकातली नोंद बदलायला त्यानंतर दुपारसुद्धा लागली नाही, आणि तेवढ्यासाठी एका वयस्क माणसाला चपला झिजवाव्या लागल्या.

ठराव आणि त्याचा अंमल यांच्यातल्या अंतराचा विचार आला की मला महाडची नगरपालिका आठवते. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत केला : सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली असावीत. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये आपले चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे पुरोगामी कार्यकर्ते त्या नगरपालिकेत होते. कागदोपत्री महाड त्या वर्षी देशातल्या बहुतेक गावांच्या पुढे होते. तरी तीन वर्षे त्या तळ्यावर कोणी अस्पृश्य माणूस ओंजळ भरायला जाऊ शकला नाही, कारण ठरावाची वही नगरपालिकेच्या कपाटात होती आणि तळ्याचा काठ सवर्णांच्या धाकात होता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव संमत झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तळ्याच्या हक्काचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयात लोकांच्या बाजूने निकाल लागला.

ही हकिगत सगळे सत्याग्रहाच्या बाजूने सांगतात आणि तसेच सांगितले पाहिजे. माझे लक्ष मात्र सवयीने त्या दोन ठरावांकडे जाते. दोन्ही ठराव कोणीतरी लिहिले असतील, दोन्हींना सूचक आणि अनुमोदक असतील. पहिला ठराव करायला जितके धैर्य लागले त्याच्या कितीतरी पट धैर्य तो पाळायला लागणार होते, आणि ते सभागृहात नव्हते. ते बाहेरून, चालत आले. नगरपरिषदेच्या सभागृहाला आपण फार महत्त्व देतो तेव्हा, आणि अजिबात देत नाही तेव्हाही, महाडचे हे प्रकरण उपयोगी पडते. पहिला ठराव नसता तर सत्याग्रहाला पायाखाली घेण्यासारखा सार्वजनिक निर्णय नसता. आणि सत्याग्रह नसता तर ठराव हा वहीतला एक क्रमांक राहिला असता.

आमच्या सभागृहात बाहेरून आलेला सर्वांत मोठा बदल बायकांचा. आरक्षणाची सोडत काढताना शाळेतल्या एखाद्या मुलीला बोलावून काचेच्या बरणीतून चिठ्ठी काढायला लावतात. ती बावरलेली मुलगी चिठ्ठी उलगडते आणि चार-पाच बलदंड माणसांचे चेहरे एकदम उतरतात, हा देखावा मला दर वेळी आवडला आहे. आधी एक तृतीयांश आणि 2011 मध्ये झालेल्या कायद्याने निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. पहिल्या काही वर्षांत बहुतेक महिला सदस्यांचे पती सभागृहाच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि शिपायाच्या हाती आत चिठ्ठ्या पाठवत. वृत्तपत्रांनी त्याची पुष्कळ चेष्टा केली आणि ती रास्तच होती. पण त्यापुढचे पाहायला वार्ताहर थांबले नाहीत. भाजी मंडईत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह बांधण्याचा विषय होता, आणि आराखड्यात त्याचे दार मंडईच्या मुख्य रांगेकडे तोंड करून होते. एका सदस्येने उभे राहून विचारले की शंभर माणसांच्या डोळ्यांदेखत कोणती बाई त्या दारातून आत जाईल. अभियंत्याने जागेची अडचण सांगितली. बाहेरून चिठ्ठी आली. तिने ती न वाचता पर्समध्ये टाकली आणि दार मागच्या बोळाकडे फिरवल्याशिवाय मी अनुमोदन देणार नाही म्हणून बसून राहिली. दार फिरले. त्या वेळचे इतिवृत्त कोणी काढून पाहिले तर त्यात 'आवश्यक त्या दुरुस्तीसह मंजूर' एवढे शब्द सापडतील, आणि ते माझ्याच अक्षरात आहेत.

सभा दोन महिन्यांतून कधीतरी. नगरसेवकाचे काम रोजचे. रात्री अकराला पाणी सुटले नाही तर व्हॉल्वमनला फोन कोण करणार, दवाखान्यात खाट कोण मिळवून देणार, मयताच्या घरी लाकडांची आणि शववाहिकेची व्यवस्था कोण पाहणार, कोंडवाड्यात गेलेली म्हैस कोण सोडवणार? या सगळ्याला कायद्यात आधार शोधू नये, मिळणार नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात विषय समित्या आहेत, कलम 308 आहे, ज्याखाली ठराव स्थगित करावा म्हणून हरलेली बाजू दुसऱ्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे धावते; पण म्हैस नाही. अशी कामे करणे म्हणजे उपकारांचे राजकारण, हा आक्षेप मला मान्य आहे. व्हॉल्वमनला फोन करावा लागतो याचा अर्थच पाणी नियमाने येत नाही. कराडला लागून असलेल्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले, वापर वाढेल तसा दर वाढता ठेवला, आणि तिथल्या लोकांना पाण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. आमच्याकडे मीटरचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे सदस्य आश्चर्यकारक एकजूट दाखवत. कारण मीटर लागले की बिल येणार, आणि व्हॉल्वमनला करायचे फोन थांबणार.

एवढे सगळे दोष जवळून पाहिलेल्या मला मधल्या चार वर्षांत सभागृह रिकामे झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या सदस्यांची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, निवडणुका लांबत गेल्या आणि राज्यभर प्रशासक नेमले गेले. आमच्याकडे मुख्याधिकारी हेच प्रशासक होते. प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने तयार होई आणि प्रशासकांच्या सहीने मंजूर होई. दोन्ही सह्या एकाच पेनाच्या. इतिवृत्त अर्ध्या पानात मावू लागले. माझ्या नोकरीची शेवटची वर्षे अशी गेली, आणि मी निवृत्त झाले तेव्हा निरोप द्यायला सभागृहात एकही नगरसेवक नव्हता.

कामे थांबली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उलट फायली भराभर हलू लागल्या. बाजारातली काही अतिक्रमणे, जी काढायला कोणत्याही सदस्याची छाती झाली नसती, ती एका सकाळी निघाली. घंटागाडी वेळेवर येऊ लागली. कार्यालयात आवाज चढेनासे झाले. कित्येक सुशिक्षित लोक तेव्हा म्हणत की असेच चालू राहावे, निवडणुका हव्यात कशाला. त्यांचे म्हणणे मी शांतपणे ऐकून घेत असे. आमच्या पेठेतल्या एका गल्लीत त्याच काळात बंदिस्त गटाराचे काम झाले. अंदाजपत्रक बरोबर होते, निविदा नियमाप्रमाणे होती, कामाचा दर्जाही वाईट नव्हता. पावसाळ्यात शाळेच्या मैदानाचे पाणी त्या गल्लीत वरच्या बाजूने शिरते, हे तिथल्या कोणत्याही पोराला माहीत आहे. गटाराचा उतार मात्र नकाशा पाहून दिला गेला होता. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उलटे फिरून तळातल्या घरांत घुसले. जुने सभागृह असते तर तो विषय इतक्या सरळ गेला नसता. त्या प्रभागाचा सदस्य, मग तो कितीही स्वार्थी असो, मैदानाच्या पाण्याबद्दल बोललाच असता, कारण ते पाणी त्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्या मावशीच्या उंबऱ्यापर्यंत येते.

घरांत चिखल झालेली माणसे कार्यालयात आली तेव्हा त्यांची जी गत झाली ती मी विसरलेले नाही. अर्ज घेतला गेला, आवक क्रमांक पडला, पोच मिळाली. वागणुकीत कसलीही कसूर नव्हती. पण त्यांना कोणावर तरी रागवायचे होते आणि रागवायला माणूस नव्हता. एक आजी मला म्हणाल्या, "अगं, आधी निदान दारात जाऊन शिव्या तरी देता यायच्या." साहेबांना शिव्या देता येत नाहीत, ते बदलून आलेले असतात आणि बदलून जाणार असतात. ज्याला शिव्या देता येतात, जो त्या खाऊन दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून दूध आणायला जातो, असा माणूस कारभारात असणे ही माझ्या मते नगरपरिषदेची मुख्य गोष्ट आहे. ठराव, समित्या, अंदाजपत्रक हे सगळे अधिकारी करू शकतात आणि बऱ्याचदा अधिक नीट करतात.

शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या आदेशानंतर चाके हलली आणि 2 डिसेंबर 2025 रोजी राज्यातल्या 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींसाठी मतदान जाहीर झाले. काही ठिकाणचे मतदान पुढे ढकलून 20 डिसेंबरला घ्यावे लागले आणि न्यायालयाच्या आदेशाने सगळीकडची मोजणी एकत्र 21 तारखेला झाली. ते अठरा-एकोणीस दिवस मतदान यंत्रे कुलपात आणि उमेदवार आमच्या गावच्या चौकात होते. कोण निवडून आले हे यंत्राखेरीज कोणालाच माहीत नसल्यामुळे सगळे सगळ्यांशी फार गोड बोलत होते. निवडून आलेल्यांत नव्यांचा भरणा मोठा आहे. चार वर्षांच्या खंडामुळे सभेचे कामकाज पाहिलेली माणसे सभागृहात थोडीच उरली आहेत, आणि कार्यालयातही ते सांगणारे जुने लोक आता निवृत्त झाले आहेत.

त्यामुळे सध्या माझ्याकडे थोडी वर्दळ असते. पेठेतून पहिल्यांदाच निवडून आलेली एक मुलगी (मुलगीच म्हणते, तिचे जन्माचे नाव नोंदवहीत मीच चढवले होते) विषयपत्रिका घेऊन आली. ती त्याच गटाराच्या गल्लीत राहते. तिला वाटत होते की सभेत उभे राहून आयत्या वेळी विषय काढला की झाले. मी तिला सांगितले की आयत्या वेळचे विषय हे ज्यांना चर्चा नको असते त्यांचे आवडते साधन आहे; तू लेखी पत्र दे, पोच घे, कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका पाहायला माग. तिने पत्र दिले. काम पूर्ण होऊन अंतिम देयक अदा झाल्यामुळे विषय घेण्याचे प्रयोजन नाही, असे उत्तर कार्यालयाकडून आले. उत्तराचा मसुदा वाचताना मला हसू आले, कारण अशी वाक्ये कशी बांधतात हे मला चांगले ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात तिने गल्लीतल्या गवंड्याला बरोबर घेतले, पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून गटाराच्या दोन्ही टोकांची पातळी मोजली, फरकाचा आकडा दुसऱ्या पत्रात लिहिला आणि विरोधी गटाच्या दोन सदस्यांच्या सह्या त्यावर घेतल्या. त्यांतल्या एकाची मावशी गल्लीच्या तळाशी राहते.